उमायचा पायबंद

तुर्दुबेक अगायच्या काही सवयी.

स्टॉपवॉच कोटाच्या डाव्या खिशात. उजव्या खिशात रुमाल आणि दोन-तीन कुरुत, म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या खारट गोळ्या. रडणारं मूल दिसलं की त्याच्या तोंडात एक टाकायची.

कुणाच्याही बुटाची नाडी सुटलेली दिसली की थांबायचं. मूल असेल तर स्वतः वाकून बांधायची. आजारानंतर वाकणं बंद झालं. मग मुलाला शाळेच्या पायरीवर चढवून उभं करायचं आणि बांधायची.

पाव पालथा पडलेला दिसला तर तो उताणा करून ठेवायचा. घर कुणाचंही असो.

दर चाळीस पावलांनी थांबून डोंगराकडे बघायचं. "आज बर्फ जरा खाली उतरलंय," म्हणायचं. बर्फ होतं तिथेच असायचं.

आणि चढ लागायच्या आधी सोबतच्या माणसाला काहीतरी विचारायचं. ज्याचं उत्तर लांबलचक असेल असं.

ही शेवटची सवय बेर्मेतला फार उशिरा कळली.

बेर्मेत चोवीस वर्षांची. शहरात राहून तिने साहित्याची पदवी घेतली आणि कारा-बुलुनच्या शाळेत भाषा शिकवायला परत आली. याच शाळेत ती शिकली होती. तुर्दुबेक तेव्हाही इथे व्यायाम शिकवत होते, आताही तेच शिकवत होते. गावात प्रत्येक मास्तर अगायच. पण नुसतं 'अगाय' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तुर्दुबेक. चोपन्न वर्षांचे, आखूड मानेचे, कुस्तीत कान चपटे झालेले.

पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"आठवीत शंभर मीटर चालत आली होतीस तू. चालत! वर हातात पुस्तक."

"पोट दुखत होतं, अगाय."

"दर गुरुवारी?"

खोली हसली. बेर्मेतही हसली. त्या दिवसापासून दोघं दुपारचा चहा एकत्र प्यायला लागले.

अगायच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून आईने नाव ठेवलं तुर्दुबेक. म्हणजे टिकला तो. "आणि असा टिकलो की गावात माझ्यापुढे कुणी धावलं नाही," असं ते सांगायचे. ती बढाई नव्हती. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की कारा-बुलुनमध्ये त्याच्या घोट्यांना काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा पायबंद बांधतात. मग मैदानात शर्यत लावतात. जो पहिला येतो तो सुरीने पायबंद कापतो आणि मुलाला हात धरून चालवतो. कापणाऱ्याची चाल मुलाला लागते म्हणतात. त्यामुळे प्रत्येक आईला वाटायचं, अगायनी कापावा. तीस वर्षांत त्यांनी एकशे सात पायबंद कापले होते. आकडा त्यांचाच.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांचा घोडा बर्फाळ उतारावर घसरला. नडगी मोडली. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. प्लास्टर निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी ते वर्गावर हजर. बेर्मेत शेजारच्या खोलीत सातवीला शिकवत होती. भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू आली. ती अर्धीच वाजली.

ती धावत गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती खरोखर धावली. अगाय व्यायामशाळेच्या फरशीवर बसले होते, ओठ निळे, आणि पोरांना हाताने खुणावत होते, रांग मोडू नका.

पायात रक्ताची गाठ धरली होती. पाय हलायला लागला, गाठ सुटली, वर गेली आणि फुफ्फुसांच्या नळ्यांत अडकली. बिश्केकला नेईपर्यंत दोन्ही बाजू भरल्या होत्या. अठरा दिवस ते तिथे होते. घरी आणायच्या दिवशी त्यांची बायको बुरुल आणि मुलगा उलान गाडी घेऊन गेले. बुरुल म्हणाली, "बेर्मेत, तू पण चल. डॉक्टर बोलतील ते नीट लिहून घे. आमचं डोकं ठिकाणावर नाही."

डॉक्टर राखात सादिरोव्ना बारीक अंगाच्या, भरभर बोलणाऱ्या.

"गाठी विरघळतात. सगळ्यांच्या विरघळतातच असं नाही. हृदयाची उजवी बाजू इतके दिवस बंद दारावर धडका देत होती, ती सुजलीय. तिला वेळ द्या. महिने नाही, वर्षं धरून चला. रक्त पातळ करायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. घोड्यावर बसायचं नाही, पडलात तर रक्त थांबणार नाही."

"घोड्यावर नाही?" अगाय म्हणाले. "मग मी माणूस कशाचा?"

"चालणारा माणूस. रोज चाला, सपाटीवर. जमेल तसा थोडा चढ. आठवड्यातून एकदा सहा मिनिटं, मोजून. किती अंतर झालं ते लिहायचं. हेच तुमचं मार्कांचं पुस्तक."

बेर्मेत वहीत लिहीत होती. शेवटचं वाक्य डॉक्टरांनी तिच्याकडे बघून सांगितलं आणि तिने ते खाली रेघ मारून लिहिलं. 'तीस मीटरची फेरी. चांगल्या आकड्यावरून दोन फेऱ्या कमी झाल्या तर त्याच आठवड्यात इथे. वाट बघायची नाही.'

अक्षर तिचं होतं. ही गोष्ट नंतर तिला फार आठवली.

शाळेचा व्हरांडा बरोबर तीस मीटरचा. अगायनीच कधीतरी पट्टी लावून मोजला होता. जानेवारीतल्या पहिल्या शुक्रवारी, वर्ग सुटल्यावर, ते एका टोकाला उभे राहिले. स्टॉपवॉच बेर्मेतच्या हातात.

"चोरी करायची नाही," ते म्हणाले. "मी कुणाला एक सेकंद सोडलेला नाही."

सात फेऱ्या झाल्या. पाचवीनंतर ते भिंतीला हात लावून चालत होते. दाराच्या काचेला नाक लावून दुसरीतला एक पोरगा बघत होता. तो ओरडला, "अगाय, तुम्ही पहिले आलात!"

"एकटाच होतो रे," अगाय धापा टाकत म्हणाले. "शेवटचाही मीच."

मग ते दोघं दर शुक्रवारी व्हरांड्यात, आणि रोज सकाळी शाळेआधी रस्त्यावर. शाळेपासून पाटाच्या कडेने, मग टेकाडावर तीन पॉप्लरची झाडं आहेत तिथवर. गावातल्या कुणाचीही पाच मिनिटांची वाट. त्यांना चाळीस मिनिटं लागायची. कुणीतरी घोड्यावरून जाताना हटकायचं, "काय अगाय, घोडा विकला का?"

"घोडा म्हणाला, तू जरा उतर, मला चालवत नाही."

चढाच्या तोंडाशी ते बेर्मेतला म्हणायचे, "शहरात काय काय वाचलंस ते तरी सांग. एवढे पैसे घालून शिकवलं तुझ्या बापाने." ती सांगायला लागायची. ती थांबली की ते म्हणायचे, "पुढे?" एवढा एकच शब्द. वाचलेलं संपलं तेव्हा ती मनाने रचून सांगायला लागली. तिला वाटायचं, गावात एक तरी माणूस आहे ज्याला गोष्टीची एवढी भूक आहे. घरी जाऊन ती उद्याच्या गोष्टीची तयारी करायची.

खरं तर ती बोलत असताना त्यांना बोलावं लागत नव्हतं. श्वास सगळा पायांना मिळायचा.

फेऱ्या वाढत गेल्या. मार्चमध्ये नऊ. जूनमध्ये अकरा. त्याच महिन्यात उलानला मुलगी झाली. तिचं नाव उमाय. अगायनी तिला हातात घेतलं, पाय चाचपले आणि जाहीर केलं, "धावणारे आहेत." पुढच्या हिवाळ्यापर्यंत बारा, तेरा. फेब्रुवारीत चौदा. चौदाच्या दिवशी त्यांनी व्हरांड्यात बेर्मेतला उचलायचा आव आणला, आणि मग विचार बदलून तिच्या डोक्यावर टपली मारली.

त्याच फेब्रुवारीतली एक दुपार. दोघं अगायच्या घरी आले होते. ओसरीत बूट काढत होते. आतलं दार नीट लागलेलं नव्हतं. सून आइजात सासूशी बोलत होती.

"आपा, रागावू नका. पण उमायचा पायबंद कोण कापणार ते आत्तापासून ठरवूया."

"कोण म्हणजे? तिचे आजोबा. ते धावले तर बाकीचे मागे राहतील."

"त्यांची चाल... ज्याने कापला त्याची चाल लागते म्हणतात. दहा पावलांवर दम लागतो त्यांना. मी आई आहे, आपा. मला भीती वाटते."

आत चमचा भांड्यावर आपटला, बस.

अगाय बुटाची नाडी सोडत होते. नाडी केव्हाच सुटली होती. ते तसेच वाकून राहिले. वाकलं की त्यांना धाप लागायची, तरी वाकून राहिले. बेर्मेतला कुठे बघावं कळेना. तिने भिंतीवरच्या खोगिराकडे पाहिलं.

मग ते मोठ्याने खाकरले आणि आत गेले. आइजातने लगबगीने चहा ओतला. घाबरलेल्या हाताने वाटी काठोकाठ भरली.

"हे काय, सूनबाई? भरलेली वाटी? पाहुण्याला घालवायचं असलं की भरतात. मी माझ्याच घरातून कुठे जाऊ?"

आइजात लाल झाली. तिने अर्धी वाटी परत ओतली. सगळे हसले. अगायही हसले. उमाय रांगत आली आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्यांनी तिला हात दिला नाही. दोन्ही हात मागे घेतले आणि ती आपणहून किती वेळ उभी राहते ते बघत बसले.

दुसऱ्या दिवशी चढाच्या आधी ते म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली."

"अगाय, ते नुसतं म्हणतात. त्यात काही खरं नसतं."

"एकशे सात घरांनी मला बोलावलं तेव्हा खरं होतं ना? मग आता खोटं कसं? हा श्वास मी तिला देणार नाही. आधीचा परत आणतो आणि तो देतो. ती चालायला लागायच्या आत मी धावायला लागलो पाहिजे. चार महिने आहेत. शर्यतच आहे म्हण ना. ती एका बाजूने, मी दुसऱ्या."

"डॉक्टर धावायला देतील?"

"चाळीस पावलांची तर शर्यत असते. तू नको घाबरवू. तू गोष्ट सांग."

त्या आठवड्यात त्यांनी एका काळ्या मेंढीची आणि एका पांढऱ्या मेंढीची लोकर निवडली. बुरुलने दोन धागे कातून दिले. खरं तर पायबंद वळायला एक दुपार पुरते. पण अगायनी नियम केला. ज्या दिवशी तीन पॉप्लरपर्यंत एकदाही न थांबता जाईन, त्या दिवशी एक बोट वळायचं. थांबलो तर नाही. पायबंद पुरा झाला की मी तयार. खिडकीच्या खिळ्याला तो टांगलेला असायचा. मार्चमध्ये भरभर वाढला. त्या महिन्यात बेर्मेत आली की ते आधी पायबंद दाखवायचे, मग चहा.

"बघ. वीतभर झाला."

"एवढा तर उमायच्या एका पायालाच लागेल."

"दुसऱ्या पायासाठी उन्हाळा आहे."

एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी सहा मिनिटं संपली तेव्हा तेरा फेऱ्या झाल्या होत्या. अगाय खिडकीला टेकले. कपाळावर घाम, गळ्याची शीर उडत होती. त्यांनी बेर्मेतकडे पाहिलं. निकालाच्या दिवशी पोरं मास्तरांकडे बघतात तसं. तीस वर्षं लोकांना खरे आकडे सांगितलेला माणूस तिच्या तोंडाकडे बघत होता.

तेरा तिच्या जिभेवर होते.

"चौदा," ती म्हणाली.

"चौदा?"

"चौदा, अगाय."

त्यांनी वही घेतली आणि लिहिलं.

एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेराच झाल्या. कालपर्यंत चौदा असताना आज तेरा कसे सांगायचे? मे महिन्यात बारा झाल्या. ती चौदा म्हणाली. एका शुक्रवारी, का कुणास ठाऊक, ती पंधरा म्हणून गेली. अगायनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अरे वा." आणि लिहिलं.

दर महिन्याच्या ठरलेल्या फोनवर अगायनी डॉक्टरांना वहीतले आकडे वाचून दाखवले. पलीकडून राखात सादिरोव्नांचा आवाज बेर्मेतला ऐकू आला. "छान. मग घाई नाही. जूनअखेरीला या, हृदयाची तपासणी करू."

आत्ता सांगावं, असं बेर्मेतला वाटलं. अगायनी फोन ठेवला, तिला एक कुरुत दिली आणि म्हणाले, "तोंड असं का केलंयस? तू पास झालीस."

जूनच्या सुरुवातीला गाव गुरं घेऊन जायलोवर, वरच्या कुरणावर गेलं. बुरुलचा तंबू लावायला म्हणून अगायही उलानच्या गाडीतून गेले, शनिवारची सुट्टी बघून बेर्मेतही. तिथे त्यांना चार पावलं टाकवेनात. शेजारचा असनकुल दोरी ताणता ताणता ओरडला, "अरे, अगायना तुतेक झालाय!" डोंगरावर नव्या माणसाला विरळ हवेने दम लागतो, त्याला तिथे तुतेक म्हणतात.

"मैदानातला माणूस झालास तू," असनकुल म्हणाला. "दोन वर्षं वर आला नाहीस, रक्त पातळ झालं."

"पातळ करायलाच तर गोळ्या खातो, मूर्खा."

सगळे पोट धरून हसले. कुणीतरी कांदा चावायला दिला, कुणी कुमीसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, मोठा वाडगा. छातीला कुमीससारखं औषध नाही, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. अगाय प्यायले. त्यांना तुतेक झालाय, हे सगळ्यांना एकदम पटलं. बेर्मेतलाही पटलं. तिला ते पटवून घ्यायचं होतं.

संध्याकाळी खाली उतरल्यावर त्यांनी मोजे काढले. मोज्याची रेघ घोट्यावर बोटभर खोल उतरली होती. पाय फुगले होते. बेर्मेतने पाहिलं.

"अगाय, डॉक्टरांना फोन करूया."

"करूया."

"आत्ता."

"उमाय परवा दोन पावलं चालली. बाकाला न धरता. उलानने दिवस धरलाय, पुढचा शनिवार. शनिवारी पायबंद, सोमवारी शहर. उलानला सांगून ठेवलंय मी, गाडीत तेल भरून ठेव म्हणून."

"तुम्ही धावणार?"

"मी तिथे असणार." मोजे परत चढवत ते म्हणाले. "आत्ता गेलो तर ते ठेवून घेतील. मी ओळखतो त्या बाईला."

बेर्मेत दारापर्यंत गेली. परत फिरली. "अगाय, फेऱ्या..."

"काय फेऱ्या?"

बुरुल जायलोवर होती. आइजात आत भांडी घासत होती. उमाय बाकाला धरून उभी होती आणि दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"काही नाही," बेर्मेत म्हणाली. "शुक्रवारी मोजू."

ती बुधवारची सकाळ. ऊन चांगलं होतं. पाटाला पाणी भरपूर होतं. चढाच्या तोंडाशी अगाय थांबले. बर्फाबद्दल काही बोलले नाहीत.

"कालची गोष्ट कुठे राहिली?"

काल तिने एका टपालवाल्याची गोष्ट रचली होती. खिंडीपलीकडच्या एकट्या म्हातारीला तो पत्र द्यायला निघतो. खिंड बंद होत आली आहे.

"तो खिंडीत पोचला तिथे," ती म्हणाली.

"हां. सांग."

ती सांगत निघाली. टपालवाल्याला वाटेत एक रिकामं घर लागतं. तो चूल पेटवतो. पत्र कोरडं राहावं म्हणून सदऱ्याच्या आत छातीशी धरतो.

"पुढे?" मागून आवाज आला.

तो पहाटे उठतो तर दार बर्फाने दबलेलं. तो खिडकीतून बाहेर पडतो. बेर्मेत रंगात आली होती. हातवारे करत होती. म्हातारीचं घर दिसायला लागतं, धूर दिसतो. इथे ती थांबली, मुद्दामच. त्यांनी विचारावं म्हणून.

पाणी वाहत होतं. ती वळली.

अगाय पाटाच्या कडेला दगडावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान किंचित पुढे. बुटाची नाडी बघत असल्यासारखे. ती उतारावरून धावली. आयुष्यात दुसऱ्यांदा. तीन पॉप्लर तिथून तीस मीटरही नव्हती.

अंगणात तंबू उभा केला आणि अगायचा देह त्यात ठेवला. बुरुल वरून घोड्यावर आली, चार तासांची वाट अडीच तासांत. आत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि त्यांनी सुरात रडणं धरलं. बाहेर कमरेला पट्टे बांधलेले पुरुष काठ्यांवर वाकून उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकासोबत नव्याने हंबरडा फोडत राहिले. असनकुल सगळ्यांत मोठ्याने रडत होता. "मी कांदा दिला, मी त्याला कांदा दिला," एवढंच म्हणत होता. ज्यांचे पायबंद त्यांनी कापले होते ती पोरं आली. काही आता मिशा फुटलेली, काही लेकरं कडेवर घेतलेली. बेर्मेत त्यांची चाल बघत बसली. दुसरं काही तिला सुचेना.

दुसऱ्या दिवशी, अगायना नेण्याच्या थोडं आधी, उमाय आइजातच्या मांडीवरून उतरली. रडणाऱ्या बायकांच्या मधून चालायला लागली. एक, दोन, चार, सहा पावलं. कुणालाच न धरता. आजोबा होते त्या बाजूला. रडणं बंद पडलं. एक म्हातारी हळूच म्हणाली, "अगं, पायबंद... कुणीतरी..." मग तिला आठवलं आपण कुठे बसलोय, आणि तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर घेतलं. आइजातने उमायला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि ती जी रडायला लागली ती कुणालाच आवरेना.

"मी म्हटलं होतं," ती बुरुलला सांगत होती, "आपा, मी म्हटलं होतं ना तसं, त्यांनी ऐकलं असेल का? त्यांनी ऐकलं नसेल ना?"

बुरुल म्हणाली, "नाही गं. त्यांनी कुठे ऐकलं?"

बेर्मेतने खाली पाहिलं.

सातव्या दिवसाचं जेवण होतं. बुरुल बोर्सोकचे छोटे पाव तळायला पीठ मळत होती. बेर्मेत शेजारी बसली. तिला बोलायचं होतं आणि ते एकदम बोलून टाकायचं होतं.

"एजे, मी फेऱ्या जास्त सांगितल्या. एप्रिलपासून. खऱ्या तेरा होत्या, मग बारा. मी चौदा सांगत गेले. डॉक्टर म्हणाल्या होत्या, दोन कमी झाल्या तर लगेच या. मीच लिहून घेतलं होतं ते."

बुरुलचे हात थांबले नाहीत.

"माहीत आहे."

"तुम्हाला?"

"आम्हाला. तीस वर्षं जो माणूस दुसऱ्यांच्या फेऱ्या मोजतो, त्याला स्वतःच्या मोजता येत नाहीत होय? घरी येऊन म्हणायचे, बेर्मेतला गोष्ट चांगली सांगता येते, मोजता येत नाही. आणि हसायचे."

"मग बोलले का नाहीत?"

"बोलले असते तर तुला फोन करावा लागला असता. ते तुला घाबरत होते, पोरी." बुरुलने पीठ उलटं आपटलं. "मला माहीत होतं, मी पण गप्प बसले. म्हटलं, एक शनिवार तर आहे. मी रागावले नाही असं समजू नकोस. रागावलेय. तुझ्यावर, त्यांच्यावर, माझ्यावर. त्या एवढ्याशा पोरीवर पण. एक महिना आधी चालली असती तर काय बिघडत होतं?"

मग तिने पिठाच्या हातानेच बेर्मेतचं डोकं जवळ ओढलं आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

राखात सादिरोव्नांना फोन उलाननेच केला होता. त्यांनी सांगितलं, गाठी विरघळल्या नसाव्यात, आत चिकटून राहिल्या असाव्यात, तसं होतं काहींचं. त्यावर शस्त्रक्रिया असते, पण इथे नाही, देशाबाहेर. आधी आले असते तर, असं उलानने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, मी नाही सांगू शकत. बेर्मेतला वाटलं होतं, कुणीतरी एकदा तिला हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. कुणीच म्हटलं नाही.

चाळीस दिवस घरात आनंदाचं काही करायचं नव्हतं. उमाय चालत राहिली. पायबंद न कापलेल्या पायांनी अंगणात, पाटापर्यंत, कोंबड्यांच्या मागे. पडली की उठायची. आइजातने तिला अडवलं नाही. एकदा ती बेर्मेतला म्हणाली, "चाळीस झाल्यावर करू. पण कापणार कोण? त्यांच्याशिवाय कुणाची चाल घेऊ मी?" आणि थोड्या वेळाने, "तो पायबंद तेवढा पुरा करतेस का? माझ्या हाताने होणार नाही."

बेर्मेत खिडकीपाशी गेली. पायबंद खिळ्याला होता. तिने तो उतरवून हातात घेतला. घट्ट, सारखा वळलेला, काळा आणि पांढरा, कुठे सैल नाही. तिने त्यावर बोटं ठेवून मोजलं. एकदा, मग पुन्हा. या वेळी बरोबर मोजलं. पाच वीत हवा होता. एक वीत आणि तीन बोटं झाला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जेवढा होता तेवढाच. त्यानंतर एकही बोट नाही.

त्याच्या पुढे काळा धागा वेगळा लोंबत होता आणि पांढरा वेगळा.